अण्णांचा नमुना

बैठक रविवारी दुपारच्या चहानंतर बसणार होती, पण आत्या जेवण झाल्या झाल्याच दिवाणखान्यातली पंख्याखालची खुर्ची अडवून बसली. कुणाची बाजू घ्यायची हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. ते ती कधीच आधी ठरवत नसे. जो हरतोय असं दिसेल त्याच्या बाजूनं बोलायचं, आणि तो वर यायला लागला की त्याला सोडून पलीकडे जायचं, ही तिची रीत. धाकट्या भावाच्या, अण्णांच्या, घरी राहायला आल्यापासून तिनं एवढी एकच करमणूक मनापासून जपली होती.

विषय कोठीच्या खोलीचा होता. ती कुणाला मिळणार, डॉक्टरला की निगेटिव्हला, हे आज ठरायचं होतं.

डॉक्टर म्हणजे अण्णांचा थोरला मुलगा, दातांचा. त्याचा दवाखाना घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत होता आणि अख्खा जबडा एका फटक्यात टिपणारं एक्स-रेचं मशीन घ्यायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. मशीनला बिनखिडकीची खोली हवी, आणि घरात तशी एकच होती. निगेटिव्ह म्हणजे अण्णांचा जावई. त्याचा फोटो धुण्याचा धंदा होता. लोकांच्या खिशाखिशात कॅमेरे आले, धंदा बसला, तेव्हा तो आणि त्याची बायको, म्हणजे अण्णांची धाकटी लेक, ‘दोन महिन्यांपुरते’ इथे आले. ते दोन महिने अजून संपायचे होते. निगेटिव्ह हे नाव आत्यानं ठेवलेलं. एक तर तो जन्मभर निगेटिव्ह धूत आला, आणि दुसरं म्हणजे काहीही विचारलं की त्याचं उत्तर “नको, नको” असंच सुरू व्हायचं.

“अरे निगेटिव्ह,” आत्यानं बसल्या जागेवरून हाक मारली, “तुझी ती कोर्टशिप कुठवर आली रे?”

“कॉर्डिसेप्स, आत्या,” कोठीच्या बंद दारामागून आवाज आला.

“तेच ते. लग्नापर्यंत पोचणार का आज?”

आतून हसण्याचा आवाज आला, पण जरा उशिराच.

कॉर्डिसेप्स म्हणजे किड्यांच्या अंगात शिरून वाढणारी औषधी बुरशी. रानात ती जमिनीतल्या अळीच्या पोटात शिरते, तिला आतून खाऊन संपवते आणि मग केशरी काडी होऊन तिच्या डोक्यातून वर येते. औषधवाले त्या काड्या घेतात. निगेटिव्ह ती काचेच्या बरण्यांत वाढवत होता, काही शिजवलेल्या भातावर आणि काही रेशीम काढून घेतल्यावर उरलेल्या किड्यांवर. हे त्यानं पहिल्यांदा सगळ्यांना जेवताना समजावून सांगितलं तेव्हा डॉक्टरच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, घास खाली ठेवला होता, आणि आत्यानं मात्र डोळे बारीक करून सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

“म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरायचं, त्याचंच खायचं आणि शेवटी त्याच्याच डोक्यावर उभं राहायचं,” ती म्हणाली होती. “अगं बाई, मग बुरशी कशाला? घरजावई म्हण की!”

सगळे हसले होते. सगळ्यात मोठ्यानं निगेटिव्हच हसला होता. धाकटी हसली नव्हती.

ती या वेळी स्वयंपाकघरात मोठा कुकर घासत होती. खरं तर तो घासून झाला होता. बैठकीआधी हाताला काहीतरी काम हवं म्हणून ती तो पुन्हा घासत होती, आणि शेजारी वहिनी कपबशा मांडत होती.

“अजून वास येतो त्याला,” वहिनी म्हणाली.

“नाही येत गं. तीनदा घासलाय.”

“मला येतो. उकडलेल्या किड्यांचा वास एकदा नाकात बसला की बसला. परवा नुसता भात लावला, तरी ह्यांनी विचारलं, आज काय किडे का?”

एरवी धाकटीनं यावर फटकन काहीतरी सुनावलं असतं. आज ती कुकर घासत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे दुसराच भात होता. निगेटिव्ह दुसऱ्यांदा भात घेताना आधी अण्णांच्या ताटाकडे बघतो, हे तिला कितीतरी दिवसांपासून दिसत होतं. अण्णांनी दुसऱ्यांदा घेतला तरच तो घ्यायचा. कुणी त्याला कधी हात आखडून वाढलं नव्हतं, तरीही. ज्या माणसानं स्वतःच्या दुकानात चारचौघांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, तो आता साखरेचा डबा उघडताना आवाज होऊ देत नव्हता. बुरशीला काड्या फुटल्या नाहीत तर उद्यापासून त्यानं डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर लावायला बसायचं, असं ठरलं होतं. डॉक्टरनं ते चांगल्या मनानंच सुचवलं होतं, म्हणून तर त्याच्यावर चिडताही येत नव्हतं.

“फुटल्यात ना काड्या?” वहिनीनं आवाज खाली आणून विचारलं.

“तो म्हणतो, फुटतायत.”

“तू बघितल्यास?”

“बघितल्या की. बारीक आहेत अजून.”

“आणि रंग?”

“लाल दिव्यात काय रंग कळणार, वहिनी?”

कोठीत फक्त लाल दिवा असायचा. निगेटिव्हच्या डार्करूममधला तो जुना दिवा, त्याच्या धंद्यातली वाचलेली एकमेव वस्तू. धाकटी स्वतः इस्पितळात एक्स-रे काढायची, आणि तिचीही उमेदवारीची वर्षं फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत गेली होती. फिल्मच्या रसायनावरूनच दोघांची ओळख झाली होती. “ह्यांचं लग्न अंधारात जमलं आणि उजेडात आल्यावर फसलं,” असं आत्या येईल त्या पाहुण्याला सांगायची. लाल दिव्यात काही खराब होत नाही, यावर त्या नवराबायकोचा देवाइतका विश्वास होता.

“बाकी काही असो,” वहिनी कपात चहा ओतत म्हणाली, “फुटू देत बाई एकदाच्या.”

धाकटीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. वहिनी तर डॉक्टरच्या बाजूची.

“बघतेस काय? उद्या तुझा नवरा नंबर लावायला बसला तर मी काय करू? दवाखान्यातली ती खुर्ची माझी आहे. कोण कुणाबरोबर आलं, कुणाचं काय चाललंय, सगळं मला तिथं बसून कळतं. ती खुर्ची गेली तर मी दिवसभर काय, आत्यांचं तोंड बघू?”

धाकटीला सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

अण्णा आपल्या खोलीत होते आणि त्यांना स्वस्थता नव्हती. खाई त्याला खवखवे.

अण्णा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी दुकानांत अचानक शिरून तराजू तपासले होते. आधी कळवून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. नोकरी सुटली, पण खोड गेली नाही. भाजीवाल्याकडे ते अजून स्वतःचं वजन खिशातून काढायचे आणि म्हणून घरात भाजी आणायला त्यांना कुणी पाठवत नसे. निगेटिव्हनं कोठी मागितली तेव्हा “त्या खोलीत कुणी पाऊल टाकणार नाही, हा माझा शब्द,” असं त्यांनीच लेकीला सांगितलं होतं. आणि एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून पहिलं पाऊल त्यांनीच टाकलं होतं.

त्यांच्या मनात पाप नव्हतं. जावई भोळा, त्याला कुणीतरी शिळा भात औषध म्हणून गळ्यात मारला असेल तर चारचौघांत हसं होण्याआधी त्याला हळूच सांगावं, एवढाच त्यांचा विचार होता. म्हणजे अर्धा विचार हा होता. उरलेला अर्धा शुद्ध भोचकपणा होता. लाल अंधारात गुडघा आपटून घेत त्यांनी हाताला लागली ती बरणी उचलली, आपल्या खोलीत आणली आणि नोकरीत करायचे तसंच केलं. वर फडकं, फडक्याला सुतळी, सुतळीवर लाख आणि लाखेवर मोहोर. नमुना घेतला की तो सील करायचाच. मग ती बरणी त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर पडद्यामागे ठेवली. त्या खिडकीला ऊन कधी येत नसे, नुसता उजेड असायचा.

शिळा भात असता तर प्रश्न मिटला असता. पण एके सकाळी बरणीतला कापसासारखा पांढरा थर पिवळसर दिसला. मग केशरी. मग एका किड्याच्या अंगातून टाचणीएवढं टोक वर आलं, आणि अण्णा दात न घासताच ते बघत उभे राहिले. त्यानंतर रोज सकाळी ते आधी पडदा सारायचे आणि मग चष्मा शोधायचे. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं. सांगितलं तर शब्द मोडल्याचं उघड होणार. आत कोठीत सगळंच असं केशरी झालं असणार, जावई आज जिंकणार, आणि त्या गडबडीत आपण बरणी गुपचूप जागेवर ठेवून देऊ, असा त्यांचा बेत होता.

“अण्णा, या बाहेर,” डॉक्टरनं हाक मारली.

दिवाणखान्यात सगळे बसले. डॉक्टरनं मापाची टेप आणली होती, पण ती खिशाबाहेर काढायची त्याला लाज वाटत होती. वहिनी नवऱ्याशेजारी बसली खरी, पण मधे एका माणसाची जागा सोडून.

“हे बघा,” डॉक्टर निगेटिव्हला म्हणाला, “माझा काही हट्ट नाही. काड्या आल्या असतील तर खोली तुमची. मी मशीनचं बघेन कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे माझ्या उरावर,” आत्या म्हणाली. डॉक्टर जिंकणार असं वाटत असल्यामुळे ती सध्या निगेटिव्हकडे होती. “तुझ्या मशीनपेक्षा त्याची बुरशी बरी. निदान गुरगुरत तरी नाही. आण रे निगेटिव्ह बाहेर. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“नको, नको. आत येऊनच बघा ना,” निगेटिव्ह म्हणाला. “लाल दिव्यात.”

“लाल दिव्यात तर तुझी बायकोसुद्धा तुला गोरी दिसली होती. उजेडात आण.”

निगेटिव्ह उठला. त्यानं सकाळी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. कोठीचं दार उघडून तो आत गेला आणि ट्रेमध्ये बरण्या घेऊन आला, दोन्ही हातांनी, लग्नातला फोटो पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हातात देताना धरायचा तसा. ट्रे त्यानं टीपॉयवर ठेवला. वहिनीनं पडदे सारले.

बरण्या पांढऱ्या होत्या. वरपासून खालपर्यंत पांढऱ्या. कुठे कुठे दोन-चार केसांसारखे फिकट धागे वर आले होते आणि तसेच वाकून पडले होते. केशरी म्हणावं असं एकाही बरणीत काही नव्हतं.

आत्याच्या तोंडात काहीतरी तयार होतं, ते तिनं गिळलं. आत्या टोमणा गिळते हे त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं, आणि निगेटिव्हला तेच सगळ्यात जास्त लागलं. थट्टा झाली असती तर तो हसला असता. हसण्याची त्याला सवय होती.

“होतं असं पहिल्या वेळी,” डॉक्टर म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. हाच माणूस आपल्या पोरीचे वाढदिवसाचे फोटो रात्र रात्र जागून धुऊन द्यायचा, हे त्याला नको त्या वेळी आठवलं.

“उद्या खोली रिकामी करतो,” निगेटिव्ह म्हणाला. तो बरण्यांकडेच बघत होता. “दवाखाना किती वाजता उघडता तुम्ही? म्हणजे मी त्याच्या आधी येऊन बसेन.”

“एवढी घाई काय आहे?” वहिनी पटकन म्हणाली.

“घाई नाही. पण बघितलंत ना? सगळं केलं मी. भात उकडला, भांडी उकळली, आधी अंधार दिला, मग दिवा दिला, गारवा ठेवला. सांगितलेलं एकही चुकवलं नाही. नाही जमत मला.” आणि मग तो हळू म्हणाला, “मला वाटलं होतं, या घरात एकदा काहीतरी देता येईल.”

धाकटी ताडकन उठली. काय बोलावं हे तिला माहीत नव्हतं, पण कुणावर तरी ओरडायचं होतं. ती डॉक्टरकडे वळली, तिथे ओरडण्यासारखं काही दिसलं नाही. आत्याकडे वळली, तर आत्या पदराशी चाळा करत होती. तेवढ्यात अण्णाच उठले आणि आपल्या खोलीत निघून गेले.

“जा,” धाकटी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली. “बघवत नाही ना? जा.”

अण्णा परत आले ते छातीशी काहीतरी धरून. ते त्यांनी ट्रेच्या शेजारी ठेवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. फडकं, सुतळी, लाखेची मोहोर. आणि काचेतून दाट उभ्या केशरी काड्या, बोटाएवढ्या, किड्यांच्या अंगातून वर आलेल्या.

आत्या सगळ्यांच्या आधी भानावर आली. “चोर!”

“चोर नाही, नमुना,” अण्णा म्हणाले.

“नमुना तू आहेस! पोरीला शब्द दिलास ना? आणि स्वतःच चोरून शिरलास?”

“चोरून नाही. न कळवता.”

“अण्णा!” धाकटी म्हणाली.

“चुकलो,” अण्णा म्हणाले. आयुष्यात फार वेळा न वापरलेला शब्द असल्यामुळे तो त्यांच्या तोंडून जरा मोठ्यानं निघाला. “मी रोज बघतो त्याला. मला वाटलं, आतलेही असेच झाले असणार. जावईबुवा, खरंच असं वाटलं. नाहीतर मी आधीच आणून दाखवलं असतं.”

निगेटिव्ह बरणीपाशी गुडघ्यांवर बसला होता. त्यानं काचेला नाक लावलं होतं. “माझीच आहे,” तो पुटपुटला. “काचेवर माझीच खूण आहे. अण्णा, तुम्ही काय घातलंत हिच्यात?”

“मी काय घालणार? मी सील केली.”

“पाणी? खत?”

“अहो, सील केलेल्या नमुन्यात काही घालता येतं का?”

“मग ठेवलीत कुठे?” धाकटीनं विचारलं.

“खिडकीत.”

धाकटीनं ट्रेकडे पाहिलं, अण्णांच्या बरणीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “अरे, लाल!” ती नवऱ्याला म्हणाली. “शिकवणाऱ्यांनी उजेड द्या म्हणून सांगितलं आणि आपण काय दिलं? लाल दिवा! ज्या उजेडात फिल्मलासुद्धा कळत नाही की दिवा लागलाय, तो!”

निगेटिव्हनं कोठीच्या दाराकडे पाहिलं. मग त्याच्या पोटातून हसू वर आलं, आणि या खेपेला ते उशिरा आलेलं नव्हतं. “म्हणजे बुरशी बिचारी अजून रात्रच समजत होती,” तो म्हणाला. “आणि आम्ही दोघं तिला रोज सांगत होतो, उजाडलं गं, उजाडलं!”

“दोन दोन डार्करूमवाले!” वहिनी डोळे पुसत म्हणाली. “आणि कुणालाच कळू नये?”

“म्हणजे यांना खिडकी दिली की आतल्याही फुटतील?” डॉक्टरनं विचारलं.

“फुटाव्यात. अजून जिवंत आहेत. सगळ्या नाही, पण बऱ्याचशा.” निगेटिव्हचा चेहरा पुन्हा उतरला. “पण कोठीला खिडकी नाही.”

“बघा, झालं!” आत्या म्हणाली. निगेटिव्ह वर येऊ लागल्यामुळे ती आता डॉक्टरकडे सरकली होती. “बिनखिडकीची खोली बुरशीला उपयोगाची नाही. देऊन टाका डॉक्टरला. बिचारा टेप घेऊन आलाय खिशात, मला दिसतेय केव्हाची.”

“देऊन टाकली,” अण्णा म्हणाले. “कोठी डॉक्टरला. जावईबुवांना माझी खोली.”

आत्या खुर्चीतून अर्धी उठली. “आणि तू कुठे झोपणार?”

“इथे.”

“इथे? दिवाणखान्यात? मग मी बसू कुठे?”

“मी रात्री झोपतो, अक्का. तू दिवसा बसतेस.”

“नको, नको,” निगेटिव्ह उठून उभा राहिला. “अण्णा, ते नाही होणार. आधीच लोक काय कमी बोलतात? आता सासऱ्याला खोलीतून काढलं म्हणतील.”

“लोक म्हणजे अक्का. ती दोन्हीकडून बोलते, तिचं मनावर घेऊ नका,” अण्णा म्हणाले. आत्यानं यावर मान डोलावली, कारण ते खरं होतं. “मी ती बरणी बघतो ना सकाळी, तेव्हा मला वाटतं, आज काय झालं असेल बघू या. तुमच्या सासूबाई गेल्यानंतर असं सकाळी कशासाठी उठावंसं वाटलं नव्हतं मला. हे तुम्ही आणलंत या घरात. काही दिलं नाही कसं म्हणता?”

धाकटीनं मान फिरवली. वहिनीनं मधे सोडलेली जागा भरून नवऱ्याच्या खांद्याला टेकून घेतलं. निगेटिव्हला काहीतरी बोलायचं होतं, पण “नको” सोडून दुसरा शब्द त्याला सापडत नव्हता, आणि तो शब्द या वेळी चालण्यासारखा नव्हता.

“बरं,” तो शेवटी म्हणाला.

बरण्या हलवायचं काम लगेचच सुरू झालं. डॉक्टरनं ट्रे उचलला, वहिनीनं अण्णांची गादी बाहेर ओढली, आत्यानं जागेवरून न हलता प्रत्येकाला कुठे धक्का लागेल ते सांगितलं. सगळं लावून झाल्यावर निगेटिव्ह खोलीत एकटाच बरण्यांची तोंडं खिडकीकडे फिरवत उभा होता. अण्णा दाराशी आले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी चौकटीवर दोनदा टकटक केली.

“सकाळी एकदा येऊन बघितलं तर चालेल का?” त्यांनी विचारलं.

“अण्णा, विचारता काय? तुमचंच घर आहे.”

“घर माझं,” अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले. “खोली तुमची.”